खबरदारी

[घरात अचानक संकट आले, तर पहिल्या काही मिनिटांत काय करावे आणि काय करू नये, हे या पाठात एका शिक्षकाने स्वतःच्या अनुभवातून सांगितले आहे.]

मुलांनो, तुम्ही घरी उर्दू बोलता आणि शाळेत मराठी शिकता. मराठी वाचताना तुम्हांला मधूनमधून ओळखीचे शब्द भेटत असतील. हवा, जखम, मदत, दवाखाना हे शब्द दोन्ही भाषांत आहेत. 'खबरदारी' हाही असाच एक शब्द आहे. खबर म्हणजे बातमी किंवा माहिती. 'दार' म्हणजे जवळ बाळगणारा. जसा दुकान चालवणारा दुकानदार, तसा ज्याच्याजवळ खबर आहे तो खबरदार. मराठीत कोणी रागाने 'खबरदार!' म्हणाले, तर तो इशारा असतो. पण 'खबरदारी घेणे' म्हणजे संकट येण्याआधीच त्याची माहिती करून घेणे आणि तयारी ठेवणे.

हा शब्द मी शाळेत शिकलो, पण त्याचा अर्थ मला घरी कळला. ती घटना तुम्हांला आधी सांगतो.

मी तेव्हा सहावीत होतो. मालेगावला आमचे दोन खोल्यांचे घर होते. ईदचा दुसरा दिवस होता आणि घर पाहुण्यांनी भरले होते. आपा शेगडीवरून चहाचे पातेले उतरवत होती. घाईत सांडशी सापडली नाही, म्हणून तिने पातेले फडक्याने धरले. फडके निसटले आणि उकळता चहा तिच्या उजव्या हातावर सांडला. आपा किंचाळली. सगळे स्वयंपाकघराकडे धावले. कोणी म्हणाले, "तूप लावा." कोणी म्हणाले, "शाई ओता, फोड येणार नाहीत." दादीजान म्हणाल्या, "टूथपेस्ट लावा, थंड असते."

टूथपेस्ट आणायला धावलो तो मीच. नळीत होती तेवढी सगळी पेस्ट मी आपाच्या हातावर पिळली. आपण आपाला मदत केली, याचा मला अभिमानही वाटला.

दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांना आधी ती वाळलेली पेस्ट काढावी लागली. मी दाराबाहेर उभा होतो. आतून आपाचे रडणे ऐकू येत होते. काम झाल्यावर डॉक्टर अब्बांना म्हणाले, "घरात पाणी नव्हते का?"

पाणी होते. मोरीत पिंप काठोकाठ भरलेला होता. शेगडीपासून मोरी फक्त तीन पावलांवर होती.

आपाच्या मनगटावरचा डाग आजही गेलेला नाही. त्या दिवशी घरात दहा-बारा माणसे होती आणि प्रत्येकाला मदत करायची होती. पण काय करायचे, ते एकालाही ठाऊक नव्हते.

भाजल्यावर काय करावे?

भाजल्यावर आधी पाणीच का घालायचे, ते समजून घेऊ. गरम चहा हातावरून ओघळून जातो, पण त्याची उष्णता कातडीत राहते. ती उष्णता आत उतरत जाते आणि खालचा भाग भाजतच राहतो. म्हणून ती उष्णता बाहेर काढणे हे पहिले काम. हे काम साधे वाहते पाणी उत्तम करते. भाजलेला भाग नळाखाली धरावा. नळाला पाणी नसेल, तर पिंपातले स्वच्छ पाणी तांब्याने सावकाश ओतत राहावे. एक-दोन मिनिटे पुरत नाहीत. घड्याळ लावून वीस मिनिटे पाणी घालावे. त्याच वेळी अंगठी, बांगड्या, घड्याळ काढून घ्यावे, कारण नंतर हात सुजतो आणि मग ते निघत नाहीत. कपडा कातडीला चिकटला असेल, तर मात्र तो ओढू नये.

बर्फ लावू नये. फार थंडीने भाजलेल्या कातडीला आणखी इजा होते. तूप, हळद, शाई, पीठ, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नये. या वस्तू उष्णता बाहेर काढत नाहीत. उलट, त्यांच्यामुळे जखमेत घाण जाऊ शकते आणि जखम किती खोल आहे, हे डॉक्टरांना दिसत नाही. फोड फोडू नयेत. पाणी घालून झाल्यावर स्वच्छ, धुतलेला सुती कपडा त्यावर सैल ठेवावा. लहान मूल भाजले, चेहरा, हात किंवा सांधा भाजला, अथवा भाजलेला भाग त्या माणसाच्या तळहातापेक्षा मोठा असला, तर डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे. विजेने किंवा अ‍ॅसिडने भाजल्यासही तसेच करावे. लहान मुलाचा फक्त भाजलेला भागच पाण्याखाली धरावा आणि बाकीचे अंग पांघरुणाने उबदार ठेवावे.

कपड्यांना आग लागली तर माणूस घाबरून पळत सुटतो. पळाल्याने ज्वाळांना जास्त हवा मिळते आणि आग भडकते. अशा वेळी तीन शब्द आठवा : थांबा, झोपा, लोळा. जागच्या जागी थांबावे, दोन्ही हातांनी तोंड झाकून जमिनीवर आडवे व्हावे आणि लोळावे. जवळ असणाऱ्याने जाड सुती गोधडी किंवा लोकरीचे कांबळे त्याच्यावर टाकावे. नायलॉनची चादर टाकू नये. ती वितळते आणि अंगाला चिकटते. याच कारणासाठी शेगडीजवळ काम करताना नायलॉनची ओढणी बाजूला ठेवावी.

कढईतील तेलाने पेट घेतला, तर आपला हात आपोआप पाण्याकडे जातो. येथे पाणी हाच शत्रू ठरतो. पाणी तेलापेक्षा जड असते. ते उकळत्या तेलाच्या खाली जाते, तेथे क्षणात त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते तेल चारही बाजूंना उडवते. म्हणून गॅस बंद करावा, कढईवर झाकण किंवा मोठी परात सरकवावी आणि थंड होईपर्यंत ती उघडू नये. पेटलेली कढई उचलून बाहेर नेण्याचा प्रयत्न कधीही करू नये. आग कढईबाहेर पसरली असेल, तर सर्वांना घेऊन घराबाहेर पडावे.

तुमच्या लक्षात आले का? भाजलेल्या हाताला पाणी हवे, पण पेटलेल्या तेलाला पाणी नको. नुसते धाडस असून भागत नाही. कोठे काय चालते, ही खबरही हवी.

गॅसचा वास आला तर

घरातील सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. या गॅसला स्वतःचा वास नसतो. तो गळू लागला तर आपल्याला कळावे, म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन नावाचे उग्र वासाचे रसायन मिसळतात. तो घाणेरडा वास म्हणजे आपल्यासाठी घंटाच आहे. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो वर उडून जात नाही. पाण्यासारखा खाली साचतो, जमिनीलगत पसरतो आणि शेजारच्या खोलीतही जातो. म्हणून फक्त वरची खिडकी उघडून भागत नाही, दार उघडावे लागते.

काही वर्षांपूर्वी हा विषय मी आठवीच्या वर्गात शिकवला. रमजान जवळ आला होता. मी मुलांना विचारले, "सहेरीला उठल्यावर स्वयंपाकघरात गेल्याबरोबर तुम्ही सर्वांत आधी काय करता?" सगळा वर्ग एका आवाजात म्हणाला, "दिवा लावतो!" मी म्हणालो, "वास आला, तर नेमके तेच करायचे नाही."

विजेचे बटण दाबताना आत बारीक ठिणगी पडते. दिवा लावताना पडते, तशी विझवतानाही पडते. खोलीत गॅस साचलेला असेल, तर ती ठिणगी पुरेशी होते. म्हणून जे बटण चालू आहे ते चालू राहू द्यावे आणि जे बंद आहे ते बंद राहू द्यावे. पंखा लावू नये, फ्रीजचा प्लग काढू नये, काडी ओढू नये, मोबाइलही घरात वापरू नये. दारे-खिडक्या उघडाव्यात. शेगडीची बटणे आणि रेग्युलेटर बंद करावा. जमत असेल तर रेग्युलेटर काढून सिलिंडरला दोरीने बांधलेली टोपी तोंडावर बसवावी. वास फार उग्र असेल, तर या कामातही वेळ घालवू नये. सर्वांना घेऊन बाहेर पडावे आणि बाहेरून १९०६ या क्रमांकावर फोन करावा. गॅसगळतीसाठी हा क्रमांक देशभर रात्रंदिवस चालू असतो.

त्या रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या वर्गातील एका मुलीची अम्मी सहेरीसाठी उठली. स्वयंपाकघरात अंधार होता. अम्मीचा हात सवयीने बटणाकडे गेला. मागे उभ्या असलेल्या मुलीला वास आला. तिने अम्मीचा हात धरला आणि ती म्हणाली, "अम्मी, बटण नको!" तिने दार सताड उघडले. अम्मीने अंधारात चाचपून रेग्युलेटर बंद केला. दोघींनी झोपलेल्या लहान भावंडांना उचलून गल्लीत आणले. नंतर आलेल्या कारागिराने नळी पाहिली. उंदराने ती कुरतडली होती.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी मला एवढेच म्हणाली, "सर, काल आम्ही सहेरी शेजाऱ्यांच्या घरी केली."

मी वर्गात हजेरी घेत होतो. तिचे नाव पुकारल्यावर "हजर" असे उत्तर आले, तेव्हा मी क्षणभर थांबलो.

विजेचा धक्का

उन्हाळ्यात आपल्या घरोघरी कूलर लागतात. कूलरमध्ये पाणी भरताना बटण बंद करणे पुरेसे नाही, प्लगच काढून ठेवावा. ओल्या हाताने, अनवाणी पायाने विजेच्या वस्तूला हात लावू नये. लोखंडी तारेवर कपडे वाळत घालत असाल, तर ती तार विजेच्या वायरपासून दूर बांधलेली आहे ना, हे पाहावे.

किती वीज जीव घेऊ शकते? ६० वॅटचा जुना बल्ब साधारण पाव अँपिअर वीज घेतो. त्याच्या आठव्या-नवव्या भागाएवढी वीज छातीतून गेली, तरी माणसाचा जीव धोक्यात येऊ शकतो. म्हणून 'लहानसा धक्का' असे म्हणून त्याकडे दुर्लक्ष करू नये. वीज जमिनीत गळू लागताच पुरवठा तोडणारे एक यंत्र मिळते. ते मुख्य फळीवर बसवून घेण्याविषयी घरातील मोठ्यांना जरूर सांगा.

एखादा माणूस विजेला चिकटला, तर त्याला हात लावून ओढू नका. त्याच्या शरीरातून तुमच्याही शरीरात वीज शिरते आणि मग वाचवायला दोघे होतात. आधी मुख्य बटण बंद करा. ते जवळ नसेल, तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने वायर दूर सारा. हा उपाय फक्त घरातील विजेसाठी आहे. रस्त्यावर खांबावरची तार तुटून पडली असेल, तर काठीही वापरू नका. तारेपासून लांब राहा, इतरांना लांब ठेवा आणि फोन करा. सुटका झालेला माणूस हाक मारूनही हलत नसेल आणि त्याचा श्वास चालत नसेल, तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाबावे लागते. हे वाचून येत नाही. शाळेत प्रथमोपचाराचे शिक्षण देणारे आले, की पुढे होऊन ते शिकून घ्या.

फोनवर काय सांगाल?

कोणत्याही संकटासाठी ११२ हा एकच क्रमांक लक्षात ठेवला तरी चालेल. याशिवाय महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. तिचे पैसे लागत नाहीत. आगीसाठी १०१ आहे.

क्रमांक पाठ असूनही फोनवर बोलताना अनेकांची बोबडी वळते. "लवकर या, लवकर या" एवढेच ते ओरडतात आणि फोन ठेवतात. गाडी कोठे येणार? म्हणून चार गोष्टी याच क्रमाने सांगा : कोठे, काय झाले, किती जणांना झाले आणि तुमचा फोन क्रमांक. गावाचे व मोहल्ल्याचे नाव आधी सांगा. "मशिदीच्या मागची गल्ली" असे म्हणू नका. गावात मशिदी पुष्कळ असतात. कोणती मशीद, कोणता चौक, कोणते मोठे दुकान, ते नावासह सांगा. समोरच्याचे प्रश्न संपेपर्यंत फोन ठेवू नका. मग एकाला गल्लीच्या तोंडाशी उभे करा. तो गाडीला वाट दाखवील. दुसऱ्यांना गल्लीतील हातगाड्या आणि मोटारसायकली बाजूला घ्यायला सांगा. अरुंद गल्लीत हे काम लहान नाही.

आज घरी गेल्यावर

खबरदारी संकटाच्या वेळी घेता येत नाही, ती आधीच घ्यावी लागते. म्हणून आज घरी गेल्यावर चार कामे करा.

पहिले काम, विजेचे मुख्य बटण कोठे आहे, ते पाहून घ्या. अंधारातही तेथे पोचता आले पाहिजे.

दुसरे काम, गॅसची नळी मोठ्या माणसांबरोबर तपासा. तडे गेले असतील, तर ती लगेच बदलायला सांगा. चांगली असली, तरी पाच वर्षांनी बदलावी. सिलिंडरच्या वरच्या उभ्या पट्टीवर आतल्या बाजूने एक इंग्रजी अक्षर आणि वर्ष लिहिलेले असते. 'ए' म्हणजे जानेवारी ते मार्च, 'बी' म्हणजे एप्रिल ते जून, 'सी' म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि 'डी' म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. त्या सिलिंडरची पुढची तपासणी कधी व्हायला हवी, ते यावरून कळते. ती मुदत उलटून गेलेला सिलिंडर घेऊ नये. रात्री झोपताना रेग्युलेटर बंद करण्याचे काम तुम्ही स्वतःकडे घ्या.

तिसरे काम, ११२, १०८, १०१ आणि १९०६ हे क्रमांक मोठ्या अक्षरांत उर्दूत आणि मराठीत लिहून दाराजवळ चिकटवा. खाली आपल्या घराचा पूर्ण पत्ता लिहा. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ताही आठवत नाही.

चौथे काम, जिन्यात आणि दारात ठेवलेल्या सायकली, पोती, जुने सामान हलवा. आग लागली तर तीच तुमची वाट आहे. बाहेर पडल्यावर सर्वांनी कोठे जमायचे, ती जागा आजच ठरवा. बाहेर पडल्यानंतर कोणत्याही वस्तूसाठी परत आत जायचे नाही, हेही लहान भावंडांना सांगा.

तुमच्या घरातील मोठी माणसे कदाचित म्हणतील, "आम्ही तर नेहमी टूथपेस्टच लावतो." त्यांच्याशी वाद घालू नका. दादीजाननी टूथपेस्ट सांगितली, ती मायेपोटीच. तुम्ही फक्त त्यांचा हात धरून मोरीकडे न्या आणि पाणी ओतायला लागा.

मी हा पाठ लिहीत असल्याचे मागच्या महिन्यात आपाला सांगितले. तिने बाही वर करून मनगटावरचा डाग पाहिला आणि हसून म्हणाली, "त्या वेळी तू मला टूथपेस्ट लावलीस. आता सगळ्या वर्गाला पाणी ओतायला शिकव."

मुलांनो, आपाचे ते काम मी केले आहे. आता खबर तुमच्याजवळ आहे.

शब्दार्थ

आपा – मोठी बहीण
सांडशी – गरम भांडे धरण्याचा चिमटा
मोरी – घरातील धुण्याची, अंघोळीची जागा
पिंप – पाणी साठवण्याचे मोठे भांडे
गोधडी – जुन्या कपड्यांचे शिवलेले जाड पांघरूण
बोबडी वळणे – भीतीने नीट बोलता न येणे
चाचपणे – हाताने स्पर्श करून शोधणे
मायेपोटी – प्रेमामुळे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) डॉक्टरांनी अब्बांना कोणता प्रश्न विचारला?
(आ) गॅसमध्ये उग्र वासाचे रसायन का मिसळतात?
(इ) सिलिंडरवरील 'सी' या अक्षराचा अर्थ काय?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) कढईतील पेटलेल्या तेलावर पाणी टाकू नये.
(आ) गॅसचा वास आल्यावर लागलेला दिवाही विझवू नये.
(इ) कपड्यांना आग लागल्यावर पळू नये.

प्र. ३. मुलीचे नाव पुकारल्यावर शिक्षक क्षणभर का थांबले असतील? तुमच्या शब्दांत लिहा.

प्र. ४. 'दार' हा प्रत्यय लागून तयार झालेले आणि उर्दू व मराठी या दोन्ही भाषांत चालणारे पाच शब्द लिहा.

उपक्रम : वर्गात दोघांच्या जोड्या करा. एकाने ११२ वर फोन करणारा आणि दुसऱ्याने फोन घेणारा व्हावे. आपल्या घराचा पत्ता मराठीत असा सांगा, की अनोळखी माणूसही न विचारता तेथे पोचेल.